ठोक भावाचा घाट

चिखलदऱ्यात वस्तू दोनच जातीच्या: इथं मिळणाऱ्या आणि खाली मिळणाऱ्या. इथं मिळणाऱ्यांत धुकं, रबडी, भाजलेलं कणीस आणि पर्यटकांनी विसरून गेलेल्या छत्र्या. बाकी सगळं खाली. खाली म्हणजे घाट उतरून परतवाडा, आणि काम त्याहून मोठं असलं तर अमरावती. चष्म्याची काडी तुटली, खाली. कवळी सैल झाली, खाली. लग्नाचा बस्ता तर खालीच, तोही अमरावतीच्या बिझीलँड-सिटीलँड या कापडबाजारांतल्या गाद्यांवर दिवसभर मांडी घालून. माणूस वर गेला तरी त्याच्या तेरवीचं सामान आणायला कोणीतरी खाली जातं.

त्यामुळे इथल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य कायम असतं: "आलोच आहो तं घेऊनच टाकू." एक पावशेर खोबरं आणायला गेलेला माणूस या वाक्याच्या जोरावर पाच किलो खोबरं, दोन बादल्या आणि एक न लागणारी शिडी घेऊन वर येतो. सुमारे अकराशे मीटर उंचीवर राहणाऱ्याचं हे अर्थशास्त्र आहे. घाट काही रोज उतरता येत नाही, एसटीची वेळ आपल्या हातात नाही, आणि पावसाळ्यात दरड कधी रस्त्यावर येऊन बसेल ते दरडीच्या मनावर. असं गिऱ्हाईक ठोक दुकानाला शोधावं लागत नाही. ते आपणहून जीप करून येतं.

तसं पाहिलं तर भरून ठेवणं आपल्याला कोणी शिकवायला नको. वऱ्हाडात मे महिना हा आंब्यांचा आणि लग्नांचा, त्याआधी तो साठवणीचा. वर्षाचे गहू, वर्षाची ज्वारी, वर्षाची तुरीची डाळ, वर्षाचं तिखट. गच्चीवर धान्याला ऊन दाखवायचं, डाळीला एरंडेलाचा हात लावायचा, पत्र्याच्या कोठीत निंबाचा वाळलेला पाला थरावर थर घालायचा आणि झाकण लावून वर एक जड पाटा ठेवायचा. पोट्ट्यांनी कोठीत डोकावायचं नाही आणि सुनेने सासूला विचारल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हे त्या साठवणीचे नियम. कोठी भरलेली असली की घरातल्या बुढीचा आवाज वरच्या पट्टीत लागायचा. कोठीचा तळ दिसायला लागला की तीच बुढी शेजारणीशी गोड बोलू लागायची. आमच्याकडे बँकेचं पासबुक नंतर आलं, कोठी आधी होती.

अमेरिकेने या कोठीला दार लावलं आणि दारावर तिकीट ठेवलं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत सॉल प्राइस या गृहस्थांनी विमानं ठेवायच्या एका जुन्या हँगरात 'प्राइस क्लब' नावाचं दुकान मांडलं. सजावट नाही, गोड बोलून साडी उलगडणारा सेल्समन नाही, माल खोक्यातच ठेवलेला, आणि आत जायचं तर वर्षाचे २५ डॉलर आधी मोजायचे. लोकांनी मोजले. १९८३ मध्ये सिएटलला कॉस्टको निघालं, त्याच वर्षी वॉलमार्टने सॅम्स क्लब काढलं, आणि १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एकत्र आले. आता कॉस्टकोची साधी वर्षवर्गणी ६५ डॉलर आहे, म्हणजे आपले साडेपाच-सहा हजार. मालावर नफा अगदी बारीक ठेवायचा आणि खरी कमाई वर्गणीवर करायची, अशी ही युक्ती. आपल्याकडे हे गणित भजनी मंडळाला जमलं आहे, पण ते साखर विकत नाहीत.

हे सगळं न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने माझ्या आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. आई लसूण सोलत होती.

"म्हंजे दुकानात जावाले पैशे?"

"हो आजी, वर्षाचे एकदाच."

"अन् मंग सामानाचे अल्लग?"

"हो."

"अन् थे सामान लय चांगलं असते?"

"सामान बाहेरच्यासारखंच असतं आजी, पण स्वस्त पडतं. फक्त जास्त घ्यावं लागतं."

आईने लसणीची टरफलं सुपातून झटकली. "मंग जास्त पैशे देऊन आत जाऊन जास्त सामान घेऊन जास्त पैशे द्याचे. अन् म्हनाचं स्वस्त पडलं." भाचा एमबीए आहे. त्याने विषय बदलून दीड डॉलरच्या हॉट डॉगचा काढला. कॉस्टकोत हॉट डॉग आणि थंडा मिळून दीड डॉलरच, हा भाव १९८०च्या दशकापासून हललेला नाही. हे आईला पटलं. चाळीस वर्षं भाव न वाढवणारा दुकानदार तिच्या मते लग्न जमवण्याइतका विश्वासू.

भाच्याच्या घरी तळघर आहे, दोन फ्रीज आहेत आणि गाडीची डिकी आपल्या ऑटोएवढी. तिकडे देशी माणसं वीस पौंडांची बासमतीची गोणी, आट्याची पोती आणि तुपाची बरणी घेऊन बाहेर पडतात, दारात पावती तपासणारा माणूस ट्रॉलीवर नजर टाकून पावतीवर रेघ मारतो, आणि घरी आल्यावर कळतं की मुळात आणायचं होतं ते दूध राहिलं. दूध दुकानाच्या पार मागच्या भिंतीला असतं. तिथपर्यंत पोचेस्तोवर ट्रॉली भरते आणि माणूस घरचा फोन आला म्हणून अलीकडूनच वळतो. कॉस्टकोत मालाच्या जाती जेमतेम चार हजार ठेवतात. टूथपेस्ट वीस प्रकारची नाही, दोन प्रकारची, पण एकेका खोक्यात पाच नळ्या. निवडायचा त्रास वाचतो, दात मात्र बत्तीसच राहतात.

आपल्याकडे गंमत उलटी झाली. तिकडे पैसे टाकून कोणीही आत जातं. इथं पैसे घेत नव्हते, तरी कोणालाही आत घेत नव्हते. परदेशी कंपनीने ठोक विक्री करावी, किरकोळ नाही, असं तेव्हा सरकारचं धोरण होतं. ठोक व्यापारात शंभर टक्के परदेशी भांडवलाला १९९७ पासून परवानगीने वाव होता, २००६ पासून परवानगीचीही गरज उरली नाही. पण ठोक गिऱ्हाईक कोण, हेही सरकारनं लिहून ठेवलं: ज्याच्याकडे विक्रीकराचा नंबर आहे, दुकानाचा परवाना आहे किंवा जी संस्था आहे, तोच. म्हणजे किराणावाला, हॉटेलवाला, शाळा, दवाखाना. घरात नऊ माणसं आणि दोन पाहुणे हा परवाना चालत नाही.

जर्मनांचं मेट्रो २००३ मध्ये बंगळुरूला आलं. वॉलमार्टने भारती उद्योगसमूहाबरोबर भागीदारीत 'बेस्ट प्राइस' नावाचं ठोक दुकान २००९ साली अमृतसरला उघडलं. तिथून ते कोटा, भोपाळ, रायपूर करत महाराष्ट्रात आलं ते औरंगाबादला आणि आमच्या अमरावतीला. मुंबई-पुण्याच्या लोकांना याचं नवल वाटेल. जगातल्या सगळ्यात मोठ्या दुकानदाराने अंबानगरी निवडली, यावर अमरावतीकराला अजिबात नवल वाटलं नाही. उशीर का केला एवढंच त्याला वाटलं. पुढे २०१३ मध्ये भारती आणि वॉलमार्टची वाट वेगळी झाली, २०२० मध्ये हा ठोक धंदा फ्लिपकार्टकडे गेला, आणि मेट्रोचा भारतातला कारभार रिलायन्सने २,८५० कोटींना घ्यायचं ठरवलं. ठोक दुकानंसुद्धा शेवटी ठोकातच विकली गेली.

ठोक दुकानाचं कार्ड हा प्रकार आला आणि वऱ्हाडात घरोघरी धंदा आठवायला लागला. कोणाच्या मावसभावाची पिठाची गिरणी होती, कोणाच्या वहिनीचं पिको-फॉलचं मशीन, कोणाच्या काकांचा १९८८ साली बंद पडलेला सायकलचा कारखाना, ज्यात सायकल एकही झाली नव्हती. कार्ड असलेला माणूस लग्नाच्या पंगतीत ओळखू यायचा. तो वाढप्याला थांबवून विचारायचा, "तेल कोन्तं वापरलं?" आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणायचा, "डब्यामागं सत्तर रुपये जास्त गेले तुमचे."

याआधी वऱ्हाडात असा मान एकाच कार्डाला होता, मिलिटरी कँटीनच्या. निवृत्त सुभेदार ज्या गल्लीत राहतो त्या गल्लीचं मिक्सर, पंखा आणि साबण याबाबतचं धोरण सुभेदारच ठरवतो. कार्डावरची दुसरी एक वस्तू मागायला लोक अंधार पडल्यावर येतात. त्या मानाने ठोक दुकानाचं कार्ड सात्त्विक.

चिखलदऱ्यात असं कार्ड असायला खरा धंदा लागतो तो हॉटेलवाल्यांचा, आणि तो खरोखरचा धंदा आहे. मे महिन्यात खाली अकोला-अमरावती ४५ अंशांवर तापली की सगळं वऱ्हाड वर चढतं. पावसाळ्यात शनिवारी-रविवारी भीमकुंडाकडचा रस्ता गाड्यांनी भरतो. अशा वेळी हॉटेलवाल्याला पोहे पावशेराच्या हिशेबाने आणून चालत नाहीत. त्याला तेलाचे डबे लागतात, साखरेचं पोतं लागतं, टोमॅटो सॉसचे कॅन लागतात, खोलीत ठेवायच्या साबणाच्या इवल्या वड्यांचं खोकं लागतं. त्याच्यासाठी ठोक दुकान म्हणजे निखळ फायदा. पंधरा दिवसांत माल उठतो, पावतीवर जीएसटीचा नंबर येतो, बसल्याबसल्या चार ठिकाणचे भाव कळतात. ज्याच्या दारी रोज शंभर माणसं जेवतात त्याने ठोक घ्यावं, यात वादच नाही. आश्रमशाळेनं घ्यावं, महाप्रसादवाल्यांनी घ्यावं.

भानगड होते ती ज्याच्या दारी चार माणसं जेवतात त्याने घेतल्यावर.

आमच्या ओळखीचे एक हॉटेलवाले भाऊ आहेत. त्यांच्या जीपमध्ये मागची सीट काढून ठेवलेली असते, आणि महिन्यातून एकदा ते अमरावतीला निघाले की गल्लीतली चार घरं त्यांच्याकडे यादी देतात. यादी देणं ठीक आहे. पण वहिनीमंडळींपैकी कोणीतरी सोबत जाते आणि मग यादीला काही अर्थ राहत नाही. ठोक दुकानात पाय ठेवला की आधी ट्रॉली समोर येते. बाजाराच्या पिशवीला तळ असतो, हाताला कळ लागते, माणूस थांबतो. ट्रॉलीला चाकं असतात. पाच किलो जिरं तिच्यात टाकलं तरी ती कुरकुरत नाही, उलट कोपरा एवढासाच भरला म्हणून जरा लाजल्यागत वाटतं. वर छताला लागलेल्या रॅका, त्यावर गोण्या, खाली पुठ्ठ्यावर ठळक आकड्यात भाव. एक घेतलं तर अमुक, सहा घेतले तर तमुक, खोकं घेतलं तर आणखी कमी. या तिसऱ्या ओळीपाशी भल्याभल्यांचा विवेक सुटतो. सहा हिशेबी मोजून घेणारी बाई खोक्याचा भाव वाचून म्हणते, "सहा म्हंजे खोक्याच्या अर्धे. मंग खोकंच बरं." घरी दोन लागणार होते, हे तोवर कोणाच्या ध्यानात राहत नाही.

या मोहिमेचा हिशेब एकदा भाऊंच्या अंगणात बसून झाला. चिखलदरा ते अमरावती जाऊन-येऊन १७० किलोमीटरच्या आसपास. घाटात जीप लिटरला पंधरा देते, म्हणजे अकरा-बारा लिटर. पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे बाराशे रुपये तिथंच. परतीच्या वाटेवर गिलावडा खाल्ल्याशिवाय अमरावती सोडली तर पाप लागतं, ते चार जणांचे दोनशे. "आलोच आहो तं" या सदरात दोन चादरी आणि एक सुटकेस. दुसऱ्या बाजूला बचत: तेल, साखर, डाळ, साबण मिळून सातशे ऐंशी. हा आकडा पावतीच्या तळाशी छापून येतो, 'आपण वाचवले' असं लिहून. वहिनींनी ती पावती देवघराच्या फळीवर ठेवली. जीपचं बिल भाऊंनी खिशात ठेवलं. हॉटेलचं सामान आणायला ते तसेही जाणार होते, म्हणून बाराशे रुपये हिशेबात धरायचे नाहीत, असं बहुमताने ठरलं. चादरी तर धरायच्याच नाहीत, त्या "लागनारच होत्या".

माल वर आला की खरा प्रश्न सुरू होतो. अमेरिकेतल्या तळघरात हवा कोरडी ठेवता येते. चिखलदऱ्यात जून ते सप्टेंबर ढग घरात येऊन बसतो. ही काव्यात्म ओळ वाटेल, पण मी मिठाबद्दल बोलतो आहे. दहा किलो मीठ जुलैच्या मध्यावर पाणी सोडतं आणि डब्याखालची फळी पांढरी होते. पापड वाकतात, मोडत नाहीत. बिस्किटाचा पुडा फोडला तर आतलं बिस्कीट दुमडता येतं. काड्यापेटीचं बारा डझनांचं बंडल स्वस्त पडलेलं असतं, त्यातली काडी ओढली की गुल पेटीला चिकटतं आणि हातात नुसतं लाकूड राहतं. कपडे धुवायच्या पावडरीची सहा किलोची पिशवी पहिल्या पावसात थिजते, आणि मग मोरीत पाटा-वरवंटा घेऊन पावडर फोडायचा कार्यक्रम होतो. गूळ पाझरतो. पोह्यांना वास येतो. तुरीच्या डाळीत सोंडे पडतात, आणि पंचवीस किलो डाळीतले सोंडे हा दोन वाट्या डाळीतल्या सोंड्यांपेक्षा वेगळा विषय आहे. तिथं वस्तीच होते, शाखा निघतात.

एका घरात इन्स्टंट कॉफीची किलोची बरणी आली होती. चिखलदऱ्याच्या उतारावर इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झुडपं आहेत. गावात बाहेरून आलेल्या माणसाला आपण ती कौतुकाने दाखवतो. त्याच गावात ही बरणी ऑगस्टमध्ये एकसंध दगड झाली. घरधनी रोज सकाळी पेचकसाने तिच्यातून एक कपची काढतात. कॉफीला उकळीपेक्षा सुताराची गरज जास्त, असं त्यांचं मत झालं आहे.

पाऊस नसला की वानरं. चिखलदऱ्यातल्या वानरांना माणसाच्या खरेदीची नुसती कल्पना नसते, पक्की माहिती असते. पुडी घेऊन चाललेल्या पोट्ट्याकडे ती ढुंकून पाहत नाहीत. जीपमधून खोकी उतरायला लागली की मात्र पत्र्यावर हजेरी लागते. एकदा केळ्यांच्या चिप्सचं पाकीट, तेही 'फॅमिली पॅक', एका हुप्प्याने कौलावर नेऊन फोडलं. त्याचं कुटुंब खरंच मोठं होतं, पाकिटावरचा शब्द सार्थकी लागला.

साठा केला म्हणजे निर्धास्त झालो, हे तर आमच्या गावाला कोणी सांगूच नये. समोर गाविलगड उभा आहे. एवढा थोरला किल्ला, आत तलाव, तटबंदीवर तटबंदी, वेढा पडला तर महिनोन्‌महिने झुंजायच्या बेताने बांधलेला. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली तोफा चढवून आला, तोच पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला माहीत झाला. १३ तारखेला मारा सुरू झाला आणि १५ तारखेला किल्ला पडला. गडावर धान्य कितीही भरलेलं असो, खायला तीन दिवस मिळाले.

उलट ज्यांना साठा खरोखर लागतो ते मेळघाटातले लोक ठोक दुकानाच्या यादीत कुठंच नाहीत. पावसाळ्यात नाल्यांनी तुटणाऱ्या आतल्या गावांसाठी रेशनचं धान्य आगाऊ पोचवायची सोय नवसंजीवनी योजनेत १९९५ पासून आहे. तिथं साठवण ही हौस नाही. कोरकू बाई आठवडी बाजारात येते ती पैशाइतकंच घेते: तेल बाटलीच्या तळापुरतं, मीठ, हळदीची पुडी, एक शॅम्पूची पुडी. तिला 'सहा घेतले तर' हा फलक लागू नाही.

आणि यात एक फार मजेची गोष्ट आहे. थोरलं पाकीट स्वस्त, हा ठोक दुकानाचा पाया. पण शॅम्पूच्या बाबतीत आपल्या देशात हा पाया बऱ्याचदा उलटा पडतो. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू पुडीत भरून विकायची कल्पना लावून धरली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ पासून चिक शॅम्पू काढून ती गावोगाव नेली. मग मोठ्या कंपन्याही पुडीत उतरल्या, रुपया-दोन रुपयांच्या पुडीसाठी एकमेकींशी इतक्या भांडल्या की पुडीतला शॅम्पू मिलिलिटरमागे बाटलीतल्यापेक्षा स्वस्त पडू लागला. आता बऱ्याच पाकिटांवर ग्रॅम-मिलिलिटरमागचा भावही छापावा लागतो, त्यामुळे चष्मा लावून हे पाहता येतं. म्हणजे थोरली बाटली घेणारी वहिनी जास्त देते आणि माळ तोडून एक पुडी घेणारी कोरकू बाई कमी. ठोकवाल्यांनी हे ऐकलं की ते खोकल्याचं निमित्त करतात.

ठोक घ्यायचं आणि नासू द्यायचं नाही, यावर तोड काढली ती मुंबईकरांनी, हे कबूल करायला वऱ्हाडी माणसाला जड जातं. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. दुकान नाही, फलक नाही. शेजारची काही कुटुंबं मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, पंचायत ठोकात माल घेणार, आणि ट्रक आला की सभासदांनीच कोणाच्या तरी घरात तो उतरवून वाटून घ्यायचा. ना ट्रॉली, ना तिसरी ओळ. पाहिजे तेवढंच, आणि वर शेजाऱ्यांची ओळख फुकट.

आमच्या गल्लीत याचा प्रयोग झाला. चार घरं, एक तराजू, भाऊंची ओसरी. साखरेचं पोतं मधोमध. पहिल्या वहिनींनी पहिलं माप घेतलं तेव्हा दुसऱ्या म्हणाल्या, "दांडी पाहा जराशीक." तिसऱ्या म्हणाल्या, पोत्याच्या तळची साखर चुऱ्याची असते, ती मले नाई पायजे. चौथ्यांनी रिकाम्या पोत्यावर हक्क सांगितला, त्याचं पायपुसणं होणार होतं. बाकी तिघींनाही तेच पोतं पाहिजे होतं. पोतं शेवटी भाऊंकडे राहिलं आणि सहकार चळवळ तिथंच थांबली. पोतं चार वाटण्यांत बसत नाही, एवढीच अडचण होती. मुंबईत बहुधा पायपुसणी विकत आणतात.

आता त्या जिऱ्याचं. पाच किलो जिरं घरी आल्यावर वहिनींच्या पोरानं, म्हणजे दहावीतल्या, गणित मांडलं. महिन्याला शंभर ग्रॅम धरलं तर पन्नास महिने. "आई, मी इंजिनिअर होईन तोवर हेच जिरं." वहिनींनी ते पाच डब्यांत भरलं, एक डबा नणंदेला दिला, एक मावशीला, आणि सप्टेंबरात उरलेल्याला घराचा वास लागायला लागला तेव्हा त्यातलं अडीच किलो घेऊन त्या बसस्टँडाजवळच्या किराणावाल्याकडे गेल्या. या दुकानात आमच्या सगळ्यांची खाती आहेत. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही, प्रत्येक घराला एक पान, पगार झाला की रेघ. आत यायला वर्गणी नाही, फक्त बापाचं नाव लागतं, आणि ते सांगावंही लागत नाही. कापूस विकला नाही तर सहा महिने थांबतात. रात्री साडेनऊला दार वाजवलं तर बनियनवर येऊन शेंगदाणे देतात. हे करणारं दुसरं दुकान मी पाहिलेलं नाही.

किराणावाल्या भाऊंनी जिरं तळहातावर घेऊन चोळलं, वास घेतला. ठोकाचा भाव त्यांना वहिनींपेक्षा जास्त माहीत होता. खात्यावरचे काही रुपये वळते करून त्यांनी जिरं ठेवून घेतलं, उन्हात घातलं आणि कागदाच्या पुड्या बांधून बरणीत ठेवलं.

दिवाळीच्या फराळात नेमकं वहिनींकडचं जिरं संपलं. पोरगं परीक्षेला, म्हणून स्वतःच गेल्या.

"भाऊ, दहा रुपयाचं जिरं द्या."

भाऊंनी बरणीतून पुडी काढून दिली आणि हसले. "वयनी, हे तुमचंच व्हय."

वहिनींनी पुडी उघडून पाहिली. "माहंच आहे तं मंग एवढुसंच काहून देऊन रायले?"

भाऊंनी बरणीत हात घालून एक चिमूट वर टाकली. "चिल्लरचा भाव आहे वयनी."

"टाका नं जराशीक अजून. ठोकात लय स्वस्त भेटलं होतं मले."

भाऊंनी आणखी एक चिमूट टाकली आणि वहीत त्यांचं पान काढून दहा रुपये मांडले.